चाल आणि मोल



आपल्या दिंडीला शंभर वर्षं पूर्ण झाली. दिंडी कोणी उभी केली, विणा कोणाच्या गळ्यातून कोणाच्या गळ्यात आला, मुक्कामाच्या गावांनी कशी सेवा केली, याचे लेख या स्मरणिकेत आहेतच. ते पुन्हा सांगत नाही. आम्ही भजनाच्या रांगेत उभी राहणारी माणसं. तेव्हा आम्ही ठरवलं की आपल्या वाट्याला जे आलं त्याचाच इतिहास लिहायचा, म्हणजे गळ्यातल्या चालीचा.

याला कारणही तसंच आहे. वार्षिक बैठकीत हिशोब, तंबू, ट्रक, पाण्याचा टँकर एवढं बोलून झालं की एक वाद हमखास निघतो. तरुण मंडळी म्हणतात, "लोकांना आवडतील अशा चाली लावू द्या. पलीकडच्या दिंडीपुढं गर्दी थांबते, आपल्यापुढं कोणी थांबत नाही." जुनी मंडळी म्हणतात, "बाजारातल्या चाली विण्यापुढं नकोत." एकजण म्हणतो काळ बदलला, दुसरा म्हणतो परंपरा मोडली. मग चोपदार उठतात आणि बैठक संपते. वाद तिथंच राहतो, पुढच्या वर्षी पुन्हा निघतो.

आमचं म्हणणं एवढंच की वाद खुशाल करावा, पण मागं काय घडलं ते माहीत करून घेऊन करावा. चालीचा आणि पैशाचा संबंध आज मोबाईल आल्यावर जुळलेला नाही. तो फार जुना आहे.

गाथेत चाल लिहिलेली नाही

नामदेवरायांची 61 पदं शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत. तो ग्रंथ रागांप्रमाणे लावलेला आहे. त्यामुळं नामदेवरायांचं कोणतं पद कोणत्या रागात म्हणायचं हे तिथं ग्रंथातच सापडतं. आपल्याकडं तसं झालं नाही. तुकोबारायांची गाथा सरकारी मदतीनं मुंबईत 1869 साली छापायला घेतली गेली, साडेचार हजारांवर अभंग त्यात आले. पण गाथेतून शब्द मिळतात, चाल मिळत नाही. चाल ही वडिलांकडून मुलाकडं, गुरूकडून शिष्याकडं, पुढच्या रांगेकडून मागच्या रांगेकडं आली. ती पाठ करायची वही नव्हती, कानच होते.

त्यामुळं 'ही चाल तुकोबांच्या वेळची' असं कोणालाही छातीठोकपणे म्हणता येत नाही. आपल्या दिंडीत ज्या चाली आज जुन्या म्हणून म्हणतो, त्यातल्या काही आजोबांच्या तरुणपणी नव्या होत्या. काही चालींत जात्यावरच्या ओवीचं वळण आहे. काहींत भैरवी आहे, काहींत यमन आहे. गाणं शिकलेला एखादा भाविक गावात येऊन राहिला, त्यानं चार चाली दिल्या, त्या दिंडीच्या होऊन गेल्या.

संतांनीसुद्धा लोकांच्या ओठावरचं घ्यायला कमीपणा मानला नाही. नाथमहाराजांची भारुडं पाहा. जोशी, वासुदेव, गोंधळी, जोगवा मागणारी बाई, ही सगळी रस्त्यावरची, दारावर येणारी माणसं. नाथांनी त्यांची ढब घेतली, त्यांची बोली घेतली आणि आत परमार्थ भरला. लोकांना आवडतं ते घेणं हाच दोष असता तर भारूड झालंच नसतं. म्हणून 'नवी चाल म्हणजे वाईट चाल' हे म्हणणं इतिहासाला धरून नाही, हे आमच्या जुन्या मंडळींना आम्ही आधी सांगतो. तरुणांना काय सांगायचं ते पुढं येतं.

दिंडीत श्रोता नसतो

हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचं रूप दिलं, त्याला आता दोनशे वर्षं होत आली. दिंड्यांची शिस्त, भजनाचा क्रम, हे त्यांच्याकडून आलं असं आपण मानतो. पहाटे काकडा, भूपाळ्या, मग वासुदेव, आंधळे-पांगळे, गौळणी, वाराचे अभंग, संध्याकाळी हरिपाठ. भजनी मालिकेत सगळं लावून दिलेलं आहे. कोणत्या वेळी काय म्हणायचं हे गर्दीला काय आवडेल यावर ठरत नाही. बघायला कोणी असो नसो, क्रम तोच.

वाद्यं तीन. विणा, टाळ, मृदंग. परंपरेनं चालत्या दिंडीत पेटी नसते. मधे विणेकरी, मृदंगी, दोन्ही अंगांना टाळकऱ्यांच्या रांगा. चाल म्हणणारा एक चरण म्हणतो, रांगा धृपद उचलतात. ठाय लयीत सुरुवात होते, मग मृदंग लय वाढवत नेतो, पाय आपोआप पावली खेळायला लागतात. पुन्हा पुढचा चरण.

आता या रांगेत असतं कोण ते बघा. सत्तरीचे बाबा असतात, पहिल्यांदा आलेला दहावीचा पोरगा असतो, डोक्यावर तुळस घेतलेल्या आयाबाया असतात. पुण्याहून सासवडला जाताना दिवेघाटाची चढण लागते. तिथं चालता चालता धृपद म्हणायचं असतं. चालीत फार वरचा सूर असेल तर बाबांचा श्वास पुरत नाही. फार हरकती असतील तर पोराला उचलता येत नाही. म्हणून दिंडीची चाल साधी असते. साधी ठेवलेली असते म्हणा ना. शंभर-दोनशे माणसांनी वर्षानुवर्षं चालून चालून ती घासली, तिचे काने-कोपरे गेले आणि ती सगळ्यांच्या गळ्यात बसेल एवढी झाली.

समाज आरतीच्या वेळची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. तळावर पालखी आली, चोपदारांनी दंड उंच केला की सगळ्या दिंड्यांचे टाळ एकदम थांबतात. लाखभर माणसांत शांतता होते. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचा टाळ मात्र वाजत राहतो. मग चोपदार तिथं जाऊन ऐकून घेतात. म्हणजे टाळ हा आपला शोभेचा डाग नाही. तो आपला आवाज आहे. ज्याच्या हातात टाळ आहे तो ऐकायला आलेला नाही, म्हणायला आलेला आहे.

ही एक गोष्ट नीट लक्षात ठेवली की पुढचा सगळा इतिहास समजायला सोपा जातो. दिंडीत श्रोता नसतो. बाजाराला मात्र श्रोता लागतोच. त्याशिवाय विकणार कोणाला?

मोलाचा प्रश्न जुनाच

कोणाला वाटेल की पैशाचा प्रश्न आत्ताचा आहे. तसं नाही. तुकोबारायांनी साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वीच यावर एक कडक अभंग केला. त्याचा भाव असा की कीर्तनकारानं यजमानाच्या घरचं जेवणसुद्धा घेऊ नये, कपाळी बुक्का लावून घेऊ नये, गळ्यात हार घालून घेऊ नये, आपल्या जनावरालाही वैरण-दाणा मागू नये. पैसे घेणारा आणि देणारा दोघंही नरकाचे धनी. एवढं कडक बोलावं लागलं याचा अर्थ त्या काळीही घेणारे आणि देणारे होतेच.

1917 साली आळंदीला विष्णुबुवा जोग महाराजांनी वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथल्या विद्यार्थ्यांनी माधुकरी मागून राहायचं, चार वर्षं शिकायचं, अशी रीत पडली. शिक्षणाला फी नाही. जोग महाराजांबरोबर काम केलेले सोनोपंत दांडेकर पुण्याच्या स. प. महाविद्यालयात प्राध्यापक होते, पुढं प्राचार्य झाले. पोट नोकरीवर, परमार्थ वेगळा. ज्याला नोकरी होती, शेती होती, त्याला हे जमलं. ज्याला काहीच नव्हतं त्याचं काय, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे. तो आम्ही शेवटी घेतला आहे, टाळलेला नाही.

तबकडी आणि पडदा

हिंदुस्थानात गाण्याच्या तबकड्या निघायला 1902 पासून सुरुवात झाली. तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं गाणं मावायचं. आता विचार करा, आपल्याकडं एका अभंगाला पाऊण तास लागू शकतो. धृपद किती वेळा घ्यायचं याला मोजमाप नाही. तीन मिनिटांत बसवायचं म्हटलं की चरण गाळावे लागतात, धृपद एक-दोनदाच येतं आणि लय चढायच्या आधी गाणं संपतं. गाणाऱ्याचा यात काही दोष नव्हता. यंत्राची लांबी तेवढीच होती. पण अभंग म्हणजे तीन-चार मिनिटांचं गाणं, ही सवय लोकांच्या कानाला तिथून लागली.

नाटकांनीही अभंग उचलला. 'संगीत कान्होपात्रा' नाटक 1931 साली रंगभूमीवर आलं. बालगंधर्वांनी कान्होपात्रा केली. त्यातली भैरवी ऐकून माणसं रडली आणि ती चाल पुढं भजनी मंडळांत गेली. आपल्याही दिंडीत गेली.

मग आला प्रभातचा 'संत तुकाराम', 1936 साली. दामले आणि फत्तेलाल यांनी तो काढला, विष्णुपंत पागनीसांनी तुकोबा केले, संगीत केशवराव भोळ्यांचं. मुंबईत तो एका थिएटरात वर्षाहून जास्त चालला, 1937 साली इटलीत व्हेनिसच्या महोत्सवात त्याचं कौतुक झालं. पैसा मिळवायलाच काढलेला सिनेमा होता, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण त्याआधीच्या वर्षाची गोष्ट बघा. प्रभातनं 'धर्मात्मा' काढला होता, नाथमहाराजांवर, आणि त्यात बालगंधर्वांना घेतलं होतं. त्या काळी महाराष्ट्रात त्यांच्याएवढं मोठं नाव दुसरं नव्हतं. तरी त्यांचं आणि प्रभातचं नातं त्या एका चित्रपटावरच थांबलं. आणि विष्णुपंत पागनीस, ज्यांचं नाव त्यापुढं काहीच नव्हतं, ते साध्या चालीत, हातात विणा-चिपळ्या घेऊन गायले, ते लोकांच्या मनातले तुकोबा होऊन बसले.

त्या चित्रपटात बी आणि झाडाचं एक गीत आहे. ते तुकोबांचं नाही. शांताराम आठवल्यांनी ते चित्रपटासाठी लिहिलं. पण लोकांना ते तुकोबांचंच वाटलं, जाणत्या माणसांनीसुद्धा ते गाथेत शोधलं. तसंच 1953 च्या 'गुळाचा गणपती' चित्रपटातलं इंद्रायणीकाठचं गाणं. शब्द गदिमांचे, चाल पु. ल. देशपांड्यांची, गळा भीमसेन जोशींचा. आजही कितीतरी माणसं ते जुन्या संताचं समजून म्हणतात.

यातून आम्ही काय घेतलं? बाजारासाठी काम करणारा माणूसही प्रामाणिक असू शकतो. आठवल्यांनी आणि भोळ्यांनी लोकांना आवडेल असंच केलं, पण लोकांना आवडेल म्हणून अभंग हलका केला नाही. आधी अभंगाची रीत समजून घेतली, मग शब्द लिहिले, मग चाल लावली. 'सिनेमातलं म्हणजे टाकाऊ' हा नियम आम्ही म्हणूनच मानत नाही.

बैठकीतला अभंग

पुढं रेडिओ आला. पुणे आकाशवाणीवर राम फाटकांनी चाली बांधल्या, भीमसेनजी गायले. मग संतवाणीचे कार्यक्रम गावोगाव झाले. श्रीनिवास खळ्यांच्या चालीत लताबाईंनी तुकोबांचे अभंग गायले. हृदयनाथ मंगेशकरांनी माउलींच्या रचनांना चाली दिल्या. ज्या घरात कधी टाळ वाजला नव्हता त्या घरात सकाळी सकाळी अभंग गेला. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला वारी कानानं घडली. हे उपकार मोठे आहेत. जे असल्या गाण्याला 'आपलं नव्हे' म्हणून नाकं मुरडतात त्यांच्याशी आमचं जमत नाही.

फक्त एक फरक आहे. तिथं एकजण गातो आणि हजार माणसं बसून ऐकतात. गाणारा जेवढा मोठा तेवढा ऐकणारा गप्प. त्यातल्या ताना घ्यायला आयुष्यभराचा रियाज लागतो. म्हणून त्या चाली दिंडीत आल्या तेव्हा दिंडीनं त्यांना आपल्या मापानं कापलं. ताना गेल्या, वरचा सूर खाली आला, मधली जागा धृपदानं भरली. आपल्याकडं आजही एक-दोन चाली अशा आहेत की ऐकणारा म्हणेल, ही तर अमक्यांची. आहे त्यांचीच. पण आता बाबाही म्हणतात आणि पोरगाही म्हणतो. दिंडीनं चाल उधार घेतली, पण कामाला आपल्या लावली.

गिरणगाव आणि सिनेमाची चाल

मुंबईच्या गिरण्यांत कोकणातली, घाटावरची माणसं गेली. चाळीत, खोल्यांत राहिली. त्यांनी तिथं भजनी मंडळं काढली. दिवसपाळी-रातपाळी करून, पेटी-पखवाज घेऊन ती मंडळी भजनाला बसत. गाव सुटलं होतं, भजन सुटलं नव्हतं. कोकणातल्या मंडळींनी डबलबारी रंगवली. दोन बुवा समोरासमोर बसतात, एकानं टाकलेल्याला दुसरा उत्तर देतो, रात्र सरते. त्यातलं कसब नाकारण्याची आमची हिंमत नाही.

पण जिथं सामना आला तिथं टाळ्या आल्या. आणि टाळ्या झटकन घ्यायचा सोपा उपाय म्हणजे चालू सिनेमाच्या गाण्याची चाल. लोकांना ती पाठ असते, पहिल्याच ओळीला हशा आणि टाळी. इथं मात्र थोडं थांबून बघायला पाहिजे.

मोठ्या अभंगाची घडण सगळ्यांना माहीत आहे. पहिले तीन तुकडे सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा. तो चौथा तुकडा आखूड असल्यामुळं अभंग तिथं बसतो, श्वास घ्यायला जागा मिळते, आणि नेमका अर्थाचा जोर पुष्कळदा तिथंच असतो. सिनेमाच्या गाण्याची ओळ वेगळ्या मापाची. त्यात अभंग कोंबायचा म्हटलं की आखूड तुकडा ओढून लांब करावा लागतो, नाहीतर 'हो', 'रे', 'देवा' असं काहीतरी भरावं लागतं. शब्द मधेच तुटतो. अर्धा शब्द एका सुरावर, अर्धा दुसऱ्या. अर्थ निसटतो.

दुसरं असं की ऐकणाऱ्याच्या मनात मूळ गाणं वाजत असतं. तोंडात विठ्ठलाचं नाव आणि डोळ्यांपुढं पडद्यावरची नाचणारी जोडी. नाथांनी भारुडात जोगवा घेतला तेव्हा जोगवा मागणारीचं मागणंच त्यांनी देवाकडं वळवलं. मूळ गोष्ट पुसली नाही, तिलाच कामाला लावलं. सिनेमाच्या चालीत तसं होत नाही. तिथं मूळ गाणं आपलं काम करत राहतं आणि अभंग त्याच्यावर बसून फुकट प्रवास करतो. लोकांनी दिलेली टाळी अभंगाला नसते, ओळखीच्या गाण्याला असते. तरुण मंडळींना आमचं जे सांगणं आहे ते हेच.

कॅसेटवाला आला तेव्हा

हा सगळा इतिहास आपल्या दिंडीच्या दारात आला तो कॅसेटच्या काळात. टेपरेकॉर्डर स्वस्त झाले होते. चहाच्या टपरीवर, एसटी स्टँडवर, जत्रेत, जिकडं तिकडं विठ्ठलाची गाणी वाजत होती. प्रल्हाद शिंद्यांचा खडा आवाज ऐकला नाही असा माणूस वारीच्या वाटेवर सापडला नसता. लहान लहान कंपन्या निघाल्या होत्या, त्यांना रोज नवीन काहीतरी लागायचं.

असाच एक कॅसेट काढणारा आपल्या गावात आला. वारीत त्यानं आपलं भजन ऐकलं होतं, आवडलं होतं. माणूस वाईट नव्हता. सरळ बोलला. म्हणाला, एक अभंग सहा मिनिटांच्या वर नको, चरण तीनच ठेवा. मृदंग राहू द्या, पण बरोबर की-बोर्ड आणि ऑक्टोपॅड आम्ही लावू. गाणारा एकच, त्याचं नाव आणि फोटो वर. एक-दोन चाली चालू गाण्यावरच्या घ्या, त्यावरच कॅसेट खपते. आणि रक्कम सांगितली. त्या रकमेत दिंडीला नवा तंबू आला असता.

तंबूची गरज किती होती हे त्या काळी चाललेल्यांना विचारा. जुना तंबू चार ठिकाणी फाटलेला. लोणंदच्या पुढं एका रात्री पाऊस आला तेव्हा बायकांनी बसून रात्र काढली, अंगाखालचं सगळं ओलं.

एकादशीच्या भजनानंतर देवळाच्या सभामंडपात बैठक बसली. एकजण म्हणाला, "आपण चोरी करतोय का? नामच गाणार ना? त्या पैशात म्हाताऱ्या कोरड्या झोपतील." या बोलण्याला उत्तर देणं सोपं नव्हतं. दुसरा म्हणाला, "तुकोबांनी काय सांगितलंय ते विसरलास का?" त्यावर पहिला म्हणाला, "तुकोबांनी म्हाताऱ्यांना भिजवा असंही सांगितलेलं नाही." बैठक बराच वेळ चालली. आवाज चढले.

त्या वेळचे विणेकरी कमी बोलणारे. त्यांनी धर्माचं काही सांगितलं नाही, कोणाला दोष दिला नाही. त्या माणसाला एवढंच विचारलं, "आमचे टाळकरी किती घ्याल?" तो म्हणाला, "चार पुरेत. जास्त झाले की आवाज फाटतो." रांगेत तेव्हा चाळीसच्या वर टाळकरी होते. विणेकरी म्हणाले, "मग बाकीच्यांनी काय करायचं?" तो माणूस हसून म्हणाला, "ते ऐकतील की!"

तिथं बैठकीचा निकाल लागला. कोणी मत मांडलं नाही, हात वर केले नाहीत. त्या माणसाला चहा दिला, नारळ दिला आणि नको म्हणून सांगितलं.

याची किंमत पडली, तीही सांगायला पाहिजे. पुढची दोन वर्षं तोच फाटका तंबू होता. बायकांनी शाळांच्या ओसऱ्यांवर रात्री काढल्या आणि "चाली राखल्या, पण छपराचं काय?" असं तोंडावर विचारलंही. त्यांचं काही चुकलं नव्हतं. तिसऱ्या वर्षी घरटी पायली-पायली ज्वारी गोळा करून, ती विकून तंबू आणला. चांगल्या गळ्याची दोन पोरं दिंडी सोडून कॅसेटवाल्याकडं गेली. त्यातला एक आजही गातो, स्टेजवर कार्यक्रम करतो. त्या गाण्यावर त्यानं घर चालवलं, मुलं शिकवली. वारीच्या वाटेवर टपरीवर त्याचा आवाज कानावर आला की आम्ही क्षणभर थांबायचो. गळा गोड होता, अजून आहे. त्याला आम्ही कधी नावं ठेवली नाहीत आणि पुढच्या पिढीनंही ठेवू नयेत. त्यानं पोटासाठी गाणं केलं, उघडपणे केलं. फक्त त्याच्याबरोबर म्हणणारे चाळीसजण आता त्याच्या मागं नाहीत.

आता काय करायचं

आज कॅसेट गेली, मोबाईल आला. पावली खेळणारी पोरं अर्धी लक्ष कॅमेऱ्याकडं ठेवून खेळतात. व्हिडिओ किती जणांनी पाहिला याचा हिशोब मुक्कामावर होतो. सप्ताहात अमुक गायक आला पाहिजे, अमुक मृदंगाचार्य आला पाहिजे, अशी मागणी होते आणि पाकीट किती यावर फोनवर बोलणी होतात. हे सगळं आपल्याच डोळ्यांदेखत चाललंय.

पण पैशाचं नाव काढलं की कलाकाराला दोष द्यायचा, हे आम्हाला पटत नाही. पखवाज भरून आणायला पैसे लागतात, पुडी फुटली की नवी घालावी लागते. आळंदीत चार वर्षं काढून आलेल्या पोराला शेती नसेल तर तो खाणार काय? ज्यांच्या घरी पगार येतो त्यांनी त्याला तुकोबांचा अभंग ऐकवणं बरं दिसत नाही. म्हणून आपल्या दिंडीत काही वर्षांपासून असं चाललंय की वारीत गायनाचं आणि मृदंगाचं मोल ठरवायचं नाही. पंगत सगळ्यांची एक, राहुटी एक. मात्र शिकणाऱ्या पोरांना वर्षभराची मदत दिंडीनं वेगळी करायची, ती शिक्षणासाठी, गावातल्या कोणत्याही गरजू विद्यार्थ्याला करतो तशी. पोरानं कोणती चाल म्हटली, किती गर्दी जमवली, याचा तिच्याशी संबंध नाही. ही रीत पुरी आहे असं नाही. मदत तुटपुंजी आहे, ती वाढवायला हवी. शताब्दीच्या वर्षात जमलेल्या निधीतला काही भाग याकडं वळवावा अशी आमची मागणी आहे आणि ती या लेखातून सगळ्यांपुढं ठेवतो.

चालीबद्दल शंभर वर्षांचा अनुभव गोळा केला तर तीन प्रश्न हाती येतात. नवी चाल कोणीही आणावी, कुठूनही आणावी. तिला एवढंच विचारावं.

पहिला प्रश्न, मागच्या रांगेला धृपद दुसऱ्या वेळी उचलता येतं का? दोनदा ऐकूनही रांग गप्प राहिली तर ती चाल बैठकीत गावी, सुंदर असेल, पण दिंडीची नाही.

दुसरा प्रश्न, अभंगाचे शब्द सलग राहतात का आणि सगळे चरण म्हणता येतात का? चालीसाठी चरण गाळावा लागला तर चाल बदलावी, अभंग बदलू नये.

तिसरा प्रश्न, म्हणताना दुसरंच गाणं आठवतं का? आठवत असेल तर ती चाल अजून आपली झालेली नाही.

या तीन प्रश्नांत 'जुनी की नवी' हा प्रश्न नाही आणि 'लोक थांबतात का' हाही नाही. जुनी मंडळी नव्या चालीला न ऐकताच नाही म्हणतात, तेव्हा त्यांनी हे तीन प्रश्न आठवावेत. तरुण मंडळी गर्दीकडं बोट दाखवतात, तेव्हा त्यांनीही आठवावेत. पलीकडच्या दिंडीपुढं माणसं थांबतात हे खरं आहे. आपल्या दिंडीपुढं येणारा माणूस थांबत नाही, कारण त्याच्या हातात कोणीतरी टाळ देतं आणि तो रांगेत उभा राहतो. निदान आजवर तरी असं होत आलं. ते तसंच चालू राहावं.

येत्या एकादशीपासून भजनात एक अभंग नव्या चालीचा घ्यायचा असं ठरलं आहे. ज्यानं चाल बसवली असेल त्यानं पुढं यावं, भीड बाळगू नये. मागच्या रांगेतल्या बाबांना आणि आयाबायांना तिचं धृपद आलं तर ती वारीत नेऊ. नाही आलं तर तोच पोरगा पुढच्या एकादशीला दुसरी आणील.

चुकलं माकलं संतांनी पदरात घ्यावं.

राम कृष्ण हरी.